नळी काढायचा दिवस

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. टेबलावर बाई, तिला नुकतीच पाठीतून भूल दिलेली. सिस्टरने फोन माझ्या कानाशी धरला. अकोल्याहून ताईंचा भाचा बोलत होता. "आत्या गेली," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हटलं आणि मॉनिटरकडे बघत राहिले. केस संपवली, बाहेर येऊन चहा घेतला, मग रडले. केस अर्धवट टाकून रडले असते तर ताईंनी वरून शिव्या घातल्या असत्या, त्याही अस्सल वऱ्हाडीत. आता या गोष्टीला महिना उलटला.

डॉ. विमल ठोंबरे जयपूरच्या आमच्या धर्मादाय हॉस्पिटलात बाळंतपणाच्या डॉक्टर आणि मी भूल देणारी. अख्ख्या हॉस्पिटलात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. राहायचोही जवाहर नगरात, शेजारशेजारच्या सेक्टरांत. पण त्यांच्या घरी निवांत गप्पा मारल्याचं मला आठवत नाही. मराठी मंडळाच्या गणपतीला आरतीपुरत्या यायच्या, प्रसाद तोंडात टाकायच्या आणि लगेच चपला शोधायला लागायच्या. "बाई फार कोरड्या," असं मंडळात बोललं जायचं. खोटं कशाला सांगू, मीही बोलले आहे.

कमला आमच्याकडे आली ती कानोत्याच्या धरणापलीकडच्या एका खेड्यातून. घरीच तीन दिवस कळा देऊन मेलेलं मूल जन्मलं होतं. इतका वेळ अडलेल्या बाळाच्या डोक्याच्या दाबाने तिच्या मूत्राशयाला भोक पडलं होतं आणि लघवी चोवीस तास गळत होती. नवऱ्याने तिची खाट गोठ्याशेजारी टाकली होती. ताईंनी भोक शिवलं. चौदा दिवसांनी लघवीची नळी काढली आणि संध्याकाळपर्यंत चादर ओली. काही महिन्यांनी पुन्हा शिवलं, पुन्हा चादर ओली. अशा वेळी आम्ही डॉक्टर लोक पेशंटच्या नशिबाचं नाव घेऊन मोकळे होतो. ताई भर वॉर्डात तिला म्हणाल्या, "कमला, कमी तुझमें नहीं है. मुझे ही ये काम ठीक से नहीं आता."

मी त्यांना बाहेर ओढून आणलं. "ताई, पेशंटला असं सांगतात का?"

"काहून? तिले माहीत नाही का?" ताई म्हणाल्या.

आणि वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ही बाई बिनपगारी रजा टाकून टांझानियातल्या एका मिशन हॉस्पिटलात हे काम शिकायला गेली. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं, पण तिथे पहिले तीन आठवडे कुणी हातात सुई दिली नाही. शिकवणारा सर्जन त्यांच्या भाच्याच्या वयाचा. त्याने कात्री कशी धरायची इथपासून सुरुवात केली म्हणे. ताईंचे मेसेज तारेसारखे यायचे. "आज चादरी बदलल्या." "आज नुसता दिवा धरला." एकदाच मोठा मेसेज आला. तिथे सकाळच्या राउंडला प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारतात, "कावू?" म्हणजे, कोरडी आहेस का? बाई "कावू" म्हणाली की सगळा वॉर्ड टाळ्या वाजवतो. ज्या शब्दाने आम्ही ताईंना नावं ठेवत होतो, त्याच्यासाठी तिकडे बायका देवाची प्रार्थना करत होत्या. वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेसेजच्या शेवटी लिहिलं होतं, "पहिलं ऑपरेशन हीच खरी संधी, हे इथे पहिल्याच दिवशी शिकवतात. कमलाची ती मी वाया घालवली."

चार महिन्यांनी परत आल्या त्या दुसऱ्याच दिवशी मला घेऊन कमलाच्या गावी. कमलाने दारातूनच सांगितलं, "दो बार काट चुकी हो, डॉक्टरनी जी. अब रहने दो."

ताईंनी गोड बोलून समजूत वगैरे घातली नाही. "सीखकर आई हूँ," म्हणाल्या. "फिर भी पक्का नहीं बोल सकती." आणि वळून चालायला लागल्या. मला वाटलं, झालं, एवढी आफ्रिका पालथी घातली ती पाण्यात गेली. पण पंधरवड्यात कमला आईला घेऊन हजर. का आलीस, हे मी तिला टेबलावर विचारलं. कमरेखाली बधिर होती, पण जागी होती. म्हणाली, "बाकी सब तो पक्का ही बोलते हैं."

अडीच तास लागले. मागच्या दोन ऑपरेशनांचे घट्ट व्रण एकेक सोडवताना ताई मास्कआडून पुटपुटत होत्या, "माझेच हायेत… माझेच…"

नळी काढायच्या दिवशी ताई वॉर्डात आल्याच नाहीत. जिन्यात उभ्या राहिल्या आणि मला पाठवलं. मी कमलाच्या अंगाखाली हात घालून चादर चाचपली आणि जिन्यात येऊन सांगितलं, "कोरडी आहे."

"पुन्हा पाहून ये," ताई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत माझ्या चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला मी वैतागले. "ताई, तुम्हीच जा ना आता!" तेव्हा त्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मी शेजारी बसले. नंतर त्या उठल्या, तोंड धुतलं आणि बाह्यरुग्ण विभागात राहिलेले पेशंट तपासायला गेल्या. पुढे निवृत्त होऊन अकोल्याला जाईपर्यंत अशा कितीतरी बायका त्यांनी शिवल्या, पण जिन्यात थांबलेल्या मी पाहिल्या त्या त्या एकाच दिवशी.

मागच्या आठवड्यात मी कमलाकडे जाऊन आले. तिला दुसरं कोण कळवणार? ती अंगणात बाजरी निवडत बसली होती. ताई आजारी होत्या, गेल्या, एवढं मी सांगितलं. तिचा हात थांबला. मग एकदम चिडली. "बीमार थीं तो मुझे बताया क्यों नहीं? मैं जाती अकोला."

मी म्हटलं, अगं, अकोला काय जवळ आहे? जवळजवळ एक दिवस रेल्वेत काढावा लागतो.

तेव्हा कमलाने मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हती. दोन्ही फसलेल्या ऑपरेशनांना ती गावापासून हॉस्पिटलपर्यंत चालत आली होती. वासामुळे बसमध्ये कुणी शेजारी बसू देत नसे.

"दूर है तो क्या हुआ," ती म्हणाली. "बैठके जाती. सबके बीच में बैठके जाती."