भाऊजींचं शून्य

आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, सगळी प्रयोगशाळा पाठीमागे शून्यसाहेब म्हणते. मी शेजारच्याच खोलीत संशोधन करते, त्यामुळे मीही म्हणते. नायोबियम नावाचा धातू पुरेसा थंड केला की त्यातून वीज कुठेही न अडता वाहते आणि अडथळा मोजणाऱ्या मीटरवर शून्य येतं. पण त्याला लागते ती थंडी भयंकर, आणि भयंकर महाग. भाऊजींना तेच शून्य स्वस्तात, साध्या द्रव नायट्रोजनच्या थंडीत, स्वतः बनवलेल्या मिश्रधातूच्या नमुन्यात हवं होतं. त्यापायी त्यांनी उभं आयुष्य घातलं. स्वतःचं थोडं, ताईचं बरंच.

जेवताना तिला समजावायचे, "अगं, त्या थंडीत इलेक्ट्रॉन जोडीने चालतात. जोडीने चाललं की काही अडत नाही." एवढं सांगून हात धुवायचे आणि एकटेच प्रयोगशाळेत निघून जायचे. ताई त्यांच्या निवृत्तीकडे डोळे लावून बसली होती. समुद्राकाठी एक छोटं घरही तिने भाड्याने ठरवलं होतं. भाऊजींनी मान डोलावली, आणि गुपचूप मुदतवाढीसाठी संचालकांचे उंबरठे झिजवायला लागले.

निवृत्ती तोंडावर आली आणि त्यांच्या मीटरवर शून्य आलं. भाऊजींचे पाय जमिनीवर ठरेनात. मी म्हटलं, "चुंबकाची चाचणी तरी करा. खरंच तसा गुण आला असेल, तर नमुना चुंबकाला दूर लोटेल."

"शून्य म्हणजे शून्य. तुझ्या का पोटात दुखतंय?"

मग मीच भिंगातून पाहिलं. नमुन्यापासून मीटरकडे जाणाऱ्या केसाएवढ्या दोन तारा गारठून आकसल्या की एकमेकींना चिकटत होत्या. म्हणजे मीटर नमुना मोजतच नव्हता, नुसत्या चिकटलेल्या तारा मोजत होता; तो बिचारा शून्याशिवाय दुसरं काय दाखवणार?

समितीसमोर प्रात्यक्षिक झालं. नायट्रोजन ओतला, शून्य आलं, टाळ्या पडल्या. संचालक म्हणाले, "वा, काम फत्ते झालं. आता सुखाने निवृत्त व्हा." भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला.

मला मात्र ते खोटं शून्य पचेना. मी पुढे झाले आणि त्या दोन तारांमध्ये कागदाचा कपटा सरकवला. पुन्हा नायट्रोजन ओतला. शून्य गायब. मला वाटलं, आता तरी भाऊजी खजील होऊन घरी बसतील.

भाऊजी घसा खाकरून म्हणाले, "पाहिलंत? कागद जवळ आला की हा गुण नाहीसा होतो. याचा तर सखोल अभ्यास व्हायला हवा."

समितीतल्या निम्म्यांना काही कळलं नव्हतं आणि उरलेल्यांना ते कळू द्यायचं नव्हतं. मी तारांकडे बोट दाखवत राहिले. संचालक म्हणाले, "हो हो, शोधनिबंधात तुमचंही नाव घालू." भाऊजींना दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली, विषय कागद.

संध्याकाळी मी ताईकडे गेले. समुद्राकाठच्या घरमालकाला तिने नुकताच फोनवर नकार कळवला होता.

"तो कागद तूच घातलास ना?"

"अगं ताई, ते शून्य खोटं होतं."

"असू दे की खोटं," ती म्हणाली. "माणूस घरी येत होता."