तिसरी बदली

"पेशंट बरा झाला की नातेवाईक आजारी पडतात," ताई एकदा म्हणाल्या होत्या.

ताई इस्पितळाच्या समाजसेविका. टेबल जिन्याखाली, दिवसभर डोक्यावरून चपला. बरे झालेले पेशंट घरी पोचवणं हे त्यांचं काम. काम सोपं, घरं अवघड.

शिंपीकाकांचं मांडीचं हाड केव्हाच जुळलं होतं. वॉकर धरून ते वॉर्डभर हिंडत, सिस्टरांचं उसवलेलं शिवून देत. मुलगा मात्र फोनवर एकच सांगे, "अजून दोन दिवस ठेवा हो. घरी जिना आहे."

ताई घर बघून आल्या. जिना चार पायऱ्यांचा. काकांच्या खोलीत चालण्याचं मशीन, त्यावर टॉवेल वाळत घातलेले.

"व्यायामाला घेतलंय," सूनबाई म्हणाल्या.

"कोण करतं?"

"करायचाय अजून."

तीस दिवसांच्या वर पेशंट एका वॉर्डात राहिला, तर इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना वर खुलासा द्यावा लागे. साहेबांनी तोडगा काढला: एकोणतिसाव्या दिवशी वॉर्ड बदलायचा. कॉम्प्युटर पुन्हा एकपासून मोजू लागे. अशाने काका हाडांकडून त्वचेकडे गेले, त्वचेकडून डोळ्यांकडे. तिथे त्यांनी चष्म्याशिवाय सुई ओवून डॉक्टरांना खजील केलं. दोन्ही बदल्यांच्या कागदावर 'घरी सोय नाही' याखाली सही ताईंचीच. तेवढ्यात मुलाचं मन वळेल, असं त्यांना वाटलं होतं. मन वळलं नाही, मुलाला सवय झाली.

आज डोळ्यांकडचा एकोणतिसावा दिवस. साहेबांच्या केबिनमध्ये मुलगाही आला होता.

"आता कान-नाक-घसा," साहेब म्हणाले. "वॉर्ड हवेशीर आहे."

"बाबांना करमेल तिथे," मुलगा म्हणाला.

दारात काका उभे, पिशवी भरून. "ताई, आज तरी घरी ना? की आता घसा दुखवून घेऊ?"

"बसा हो काका," साहेब म्हणाले. "ताई, तेवढी सही."

ताईंनी कागद ओढला. कारकुनाने आधीच टाइप केलेल्या 'घरी सोय नाही' मधलं 'नाही' खोडलं, वर 'आहे' लिहिलं आणि सही केली. साहेबांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. आता बदली होत नव्हती, डिस्चार्जच द्यावा लागत होता.

"अहो, पण मग ते मशीन कुठे ठेवू मी?" मुलगा ओरडला.

"आण इथे," काका म्हणाले. "माझा बेड रिकामा होतोय."

ताईंनी काकांची पिशवी उचलली आणि त्या बाहेर पडल्या.