माळावरची बाळंतीण

"हळू बोला, तिकडं बाळंतीण हाय."

आमच्या सरांबरोबर गुडीहत्नूरच्या माळावर गेलं की हे ऐकावंच लागे. बाळंतीण म्हणजे गवतात अंड्यांवर बसलेली तितराची मादी. आम्ही खोकलासुद्धा गिळत असू.

सर आदिलाबादच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि माझ्या शेजारी राहत. पाखरांवर डॉक्टरेट केलेला माणूस, पण घरची कोंबडी खुराड्यात घालायला वहिनींनाच यावं लागे. गल्ली हसायची, सरही हसायचे.

गुरांचा पाय पडू नये म्हणून ते प्रत्येक घरट्याशेजारी तीन दगड रचत. गुराखी बिचारे खूण ओळखून गुरं वळवत. एका हंगामात मात्र दगड जागेवर आणि शेजारी फासे. फासेवाल्यांनाही खूण कळली होती. इचोड्याच्या बाजारात तितरं जोडीजोडीनं टांगलेली आम्ही पाहिली. सर तिथूनच माघारी वळले. "घरी बोलू नका," एवढंच म्हणाले. त्यानंतर माळ मुकाच झाला.

पुढं जिल्ह्यात पक्षिरक्षणाची एक बिनपगारी समिती निघाली. आंध्रच्या राज्यात आमच्या कोपऱ्याकडं कोण बघतं? पण ही निघाली खरी, आणि सरांना तिच्यात जायचंच होतं. "पगार नको, गाडी नको. मेंबर झालो तं माळावरचे फासे काढाले लावीन." वहिनींनी तर आधीच गल्लीभर सांगून टाकलं.

मुलाखतीला मी सोबत गेलो. अध्यक्षांनी हिंदीत विचारलं, "सर, अब तक क्या किया आपने?"

सरांनी दगडांची युक्ती सांगितली. गुराख्यांचं सांगितलं आणि तिथंच थांबले. मला हायसं वाटलं.

अध्यक्ष खूश. "बहुत बढ़िया! हर गाँव में यही करवाएँगे. आप ही सिखाइए." चहा आला. सरांसाठी टेबलाशी खुर्ची ओढली गेली. सरांनी चहाची बशी तशीच टेबलावर ठेवली.

मग ते उठलेच. "वो पत्थर मत रखवाइए, साहब. मेरे पत्थर देख के ही फासे लगे. एक तीतर नहीं बचा."

"तो पहले क्यों नहीं बोले?"

"शरम से."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. "सोचेंगे," म्हणाले. साहेबाच्या 'सोचेंगे'चा अर्थ मला कारकुनाला कुणी सांगायला नको होता. मघाशी मला हायसं वाटलं होतं; आता मान वर करून सरांकडं बघायची लाज वाटत होती.

घरी वहिनी दारातच होत्या. "काऊन हो, एवढा उशीर? झाले ना मेंबर?"

"नाई. माळावरचे तितरं माह्याच दगडायनं मेले. तुले सांगाले लाज वाटत होती."

वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. सरांनी तो घेतला नाही. स्वतःच्याच घराच्या दारात ते परक्यासारखे उभे राहिले, कुणीतरी आत या म्हणण्याची वाट बघत.