अप्पांचा बाक

अप्पा गेल्याची खबर आली, तेव्हा मी पावतीपुस्तकांना दोरा ओवत होतो. बोरीचा गाडीवाला पाणी प्यायला, दोन वाक्यांत सांगून निघून गेला. मी दोरा ओवून संपवला. त्यानंतर जो भेटतो तो अप्पांचा एक किस्सा ठेवून जातो. ढीग झालाय आता!

अप्पा आमच्या कापसाच्या जिनिंगचे मिस्त्री. निजामाच्या त्या दिवसांत पावसाळाभर जिन बंद असे. मागे तिघे उरत. अप्पा, पहारेकरी खाजामियाँ आणि उर्दू शाळेत शिकलेला म्हणून ‘मुन्शीजी’ झालेला मी, कारकून.

*

पहिल्या पावसाळ्यात मी पत्ते नेले. अप्पांनी ते बॉयलरच्या भट्टीत ठेवले. भट्टी दसऱ्यापर्यंत थंडच, पत्ते सुखरूप. पण काढायला गेलं की कोपरापर्यंत काजळी! मी कुरकुरलो, तर म्हणाले, “मुन्शीजी, कट्टाळा पिकू द्या की जरा. हिरवाच तोडायलाव तुमी.”

*

अप्पा दुपारभर बाकावर बसून बंद मशीनकडे बघत. मालकांना हे खपेना. त्यांनी दरवाजे रंगवायला लावले. अप्पांनी दोन दिवसांत रंगवले आणि पुन्हा बसले. मालकांनी दुसरा हात मारायला सांगितला, मग तिसरा. तिसऱ्या हातानंतर दरवाजे लागेनात. तेव्हापासून अप्पांना बसायची परवानगी मिळाली!

*

खाजामियाँ फाटकावर कंटाळून कंटाळून गाड्या ऐकायला शिकले. डोळे मिटूनच सांगत, “झरी की गाडी है. बायाँ चाक रोरा.” आणि खरंच डावं चाक रडत येई. पुढे तर ज्यांना जिनिंगशी काही काम नाही, असे लोकही चाक ऐकवायला वाट वाकडी करून येत.

*

अप्पांची बहीण गंगाबाई बोरीला. विधवा. पेरायची तीन नळ्यांची तिफण चालवायला एक माणूस लागतो, वरच्या चाड्यात मुठीनं बी सोडायला दुसरा. गंगाबाईला दुसरा माणूस मिळायचा तो गावाची पेरणी उरकल्यावर. तोवर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, उडालेला, पीक निम्मं. अप्पा दोन पावसाळे बाकावर बसून काय बघत होते, ते तिसऱ्या वर्षी कळलं. भंगारातलं दातेरी चाक त्यांनी तिफणीला जोडलं. तिफण चालली की चाक फिरणार आणि बी आपोआप पडणार.

आवारात चाचणी घेतली. महिन्याने एकाच जागी ज्वारीचा हा एवढा झुपका उगवला! मालकांनी विचारलं, हे काय? अप्पा म्हणाले, “मशीन न्हाई चुकलं, मालक. म्या बाकावरून लवकर उठलो.”

आणि परत जाऊन बसले.

*

पुढल्या वर्षी एक नळी साधली, त्याच्या पुढल्या वर्षी दुसरी. गंगाबाईनं वापशावर, एकटीनं पेरलं.

खबर आल्यावर मी बोरीला गेलो. ती रडली नाही. मला गोठ्यात नेऊन तिफण दाखवली. दोन नळ्या चालू, तिसरीच्या तोंडात चिंधी कोंबलेली. मी म्हणालो, परभणीहून चांगला मिस्त्री आणतो.

“मिस्त्री नगं, मुन्शीजी,” ती म्हणाली. “दादाच्या बाकावर कुणीतरी बसा.”

बाकावरचा हा माझा दुसरा पावसाळा. जेवण झालं की बसतो, दिवेलागणीला उठतो. पत्ते भट्टीतच आहेत.

तिसरी नळी अजून झालेली नाही.