दोन मिलिमीटरचा शंख आणि संक्रांतीचा हलवा

मी पुण्यात बसून खोल समुद्रातल्या गोगलगायींवर काम करते, असं सांगितलं की लोक मला दोनदा विचारायचे. समुद्र आमच्या प्रयोगशाळेत पिशव्यांतून यायचा. जहाजाने खूप खोलवरून उपसलेला गाळ बारीक चाळणीवर धुवायचा, वाळवायचा आणि चिमूटभर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचा. ज्याला तांदूळ निवडता येतात त्याला हे काम येतं, असं मी नवीन मुलींना सांगत असे.

अशाच एका पिशवीत मला चार छोटे शंख मिळाले. उंची जेमतेम दोन मिलिमीटर, रंग दुधी, वेढ्यांवर उभ्या कंगोऱ्यांची नक्षी. मी ओळखीच्या सगळ्या जातींची यादी केली आणि जुळणाऱ्या-न जुळणाऱ्या खुणा समोरासमोर मांडल्या. एकही जात जुळेना. मी यादी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांपुढे, सरांपुढे, ठेवली.

"नवीन आहे असं मलाही वाटतंय," सर म्हणाले. "पण वाटण्यावर जाती ठरत नाहीत, बाई. हे एखाद्या मोठ्या गोगलगायीचं पिल्लू नाही कशावरून?"

ते ठरणार होतं शंखाच्या शेंड्यावरून. अंड्यातून येतानाच पिल्लाच्या अंगावर पहिला वेढा असतो आणि त्याची नक्षी जातीजातीत वेगळी असते. ती फक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसते. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका संस्थेत ते यंत्र होतं. दोन महिने थांबून मला शुक्रवारची वेळ मिळाली होती. चारपैकी तीन शंखांचे शेंडे तुटलेले. सगळी भिस्त उरलेल्या एकावर.

गुरुवारी दुपारी मी तो डबीत ठेवायला घेतला. संक्रांत नुकतीच झाली होती. हवा कोरडी, अंगावर हळदीकुंकवासाठी नेसलेली नायलॉनची साडी. भिंतीवर माझ्याच अक्षरात नियम लावलेले होते, त्यातला चौथा: कुंचला आधी ओला करावा. घाईत तेवढंच राहिलं. साडीच्या घर्षणाने आलेल्या स्थिर विजेमुळे शंख कोरड्या कुंचल्याला चिकटला, थरथरला आणि टुणकन उडाला. कुठे, ते दिसलंसुद्धा नाही.

मी जागची हलले नाही. "सर, कुणाला आत येऊ देऊ नका!"

सरांनी दारातूनच भिंतीकडे पाहिलं. "नियम पाहुण्यांना वाचायला लावलेत वाटतं?"

झाडलोट करणाऱ्या मावशी धायरीहून यायच्या. त्या झाडू घेऊन पुढे आल्या तशी मी ओरडले, "मावशी, झाडू नका!"

"झाडल्याबिगर गावायचा कसा?" त्या म्हणाल्या. "केर टाकत न्हाई. तुमच्या म्होरं ठेवते. समुद्राचा चिखल निवडता, मग ह्यो काय वाईट हाय?"

मला हसू आलं, कारण त्या बरोबर बोलत होत्या. मी कागद घेऊन खोलीचे सहा भाग पाडले. मावशींनी एकेका भागाचा केर वेगळ्या पुडीत दिला आणि प्रत्येक पुडीवर मी चिठ्ठी लावली: टेबलाखाली, खिडकीजवळ, कपाटामागे. माझी साडीसुद्धा मऊ कुंचल्याने पांढऱ्या कागदावर झाडली. तो सातवा नमुना. मग केर चाळून सूक्ष्मदर्शकाखाली घेतला.

त्या खोलीत आम्ही काय काय खातो ते मला त्या दिवशी कळलं. पोह्याचा चुरा, तीळ, पेन्सिलीची साल. टेबलाखालच्या पुडीत एक पांढरा, टोकदार दाणा दिसला आणि मी तो सुईने फिरवला. हलवा! तसाच दुसरा. तिसरा. दोन दिवसांपूर्वी सगळ्यांना हलवा मीच वाटला होता. काट्याकाट्यांचा तो दाणा धुळीत माखल्यावर शंखासारखा दिसायचा.

"सर, हे एकेक फिरवून बघायचं तर रात्र होईल."

"पानी घाला की," मावशी म्हणाल्या. "हलवा आसंल तर इरघळंल. शंक कशाला इरघळतोय?"

सर खुर्चीतून उठले. त्यांनी स्वतः पाण्याचं भांडं आणलं.

पहिल्या पुडीतले सगळे पांढरे दाणे विरघळले. दुसरीतलेही. खिडकीजवळच्या पुडीवर पाणी घातलं, हलवा हळूहळू नाहीसा झाला आणि बशीच्या तळाशी एक पांढरा दाणा तसाच राहिला. मी भिंग फिरवलं. वेढे, कंगोरे आणि अखंड शेंडा.

"आहे!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. या वेळी कुंचला मी दोनदा ओला केला.

शुक्रवारी स्वारगेटहून रिक्षा केली. डबी दोन्ही हातांत धरली होती.

"अहो, खड्डे जरा सांभाळून."

"काचेचं आहे का काही, ताई?"

"शंख आहे." सिग्नलला मी रिक्षावाल्यांना डबी दाखवली.

त्यांनी वाकून बघितलं. "रिकाम्या डबीसाठी हळू चालवायला सांगणारं गिऱ्हाईक पहिलंच," असं म्हणाले. पण पुढचे सगळे खड्डे चुकवले.

संस्थेतल्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर शेंडा मोठा मोठा होत गेला. पहिल्या वेढ्यावर बारीक, तिरप्या रेषा एकमेकींना छेदत होत्या. टोपलीची वीण असावी तशा. माझ्या यादीतल्या एकाही जातीत ही वीण नव्हती. पिल्लू नव्हतंच ते. शंखाच्या तोंडाशी पूर्ण वाढ झाल्यावरच येणारी जाड ओठासारखी कडही स्पष्ट दिसत होती.

मी बाहेर येऊन सरांना फोन लावला.

"बोला," ते म्हणाले.

"सर, नवीनच आहे."

पलीकडे खुर्ची सरकली. मग सरांचा आवाज आला, पण माझ्याशी नाही. ते दाराकडे तोंड करून ओरडत होते, "मावशी! अहो मावशी, नवीन आहे म्हणतायत!"