होडीचे बंद महिने

धाकट्या दिरानं होडी घेतली तेव्हा सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. तिनंही केलं. "रंग छान आहे हो," म्हणाली. दिराला आणि जावेला मूलबाळ नव्हतं, दोघंही कमावते, सुटीचे दिवस खायला उठायचे. त्यांनी होडी घ्यावी नाहीतर हत्ती पाळावा, तिची काही तक्रार नव्हती. तक्रार एवढीच होती, की त्या होडीत तिची मुलगी बसत होती.

मुलगी सोळा वर्षांची, घरात तिला बिट्टी म्हणत. गेलं वर्षभर बिट्टी 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' एवढ्यावर घरात दिवस काढत होती. तीच बिट्टी शनिवारी कुणी न उठवता उठायची आणि संध्याकाळी तळ्यावरून आली, की दारापासूनच तिची टकळी सुरू व्हायची. बोलणं मात्र सगळं काकूचं. काकूनं शीड असं फिरवलं, काकूला वारा आधीच कळतो, काकू म्हणाली. मैत्रिणीशी बिट्टीचं कडाक्याचं भांडण झालं होतं, हेही आईला कळलं ते जावेकडूनच.

"अहो ताई, तुम्हाला नाही सांगितलं तिनं? मला वाटलं..." जाऊ फोनवर चाचरली.

"सांगितलं होतं की," ती म्हणाली, आणि फोन ठेवून आधीच पुसलेला ओटा पुन्हा खसाखसा पुसायला लागली.

ती विमा कंपनीत होती. चेपलेल्या गाड्या, जळालेली दुकानं, गळके पाइप यांचे दावे वर्षानुवर्षं तपासल्यामुळे जगात काय काय होऊ शकतं हे तिला फार नीट ठाऊक होतं. बिट्टी पाण्यावर असली, की ती खिडकीतून समोरच्या झाडाची पानं किती हलतात ते बघत बसायची. जीव टांगणीला आणि पोटात मत्सर. त्यातलं काय जास्त जाळतंय, हे तिलाही सांगता आलं नसतं.

अशात एक दिवस दीर आला आणि होडीच्या विम्याचे कागद तिच्यापुढं टाकून मोकळा झाला. "वहिनी, विम्यातलं तुम्हाला कळतं. कुठलं कव्हर घ्यायचं ते तुम्हीच ठरवा. मी डोळे मिटून सही करतो."

"सही तरी डोळे उघडून करा, भावजी."

तिनं मन लावून काम केलं. बुडणं, आग, दुसऱ्याच्या होडीला धडक, इंजिनची चोरी, एकेक कलम वाचलं. होडीत बसणाऱ्यांच्या अपघाताचं कव्हर तर तिनं कुणाला न विचारता सगळ्यात मोठं घेतलं. तिथं मत्सराला बोलायची सोयच नव्हती. मग एक साधा प्रश्न उरला. होडी वर्षभर पाण्यात राहणार, की पॉलिसीत थंडीचे म्हणून धरलेले सहा महिने बाहेर? बाहेर ठेवली तर हप्ता बराच कमी. पण त्या बंद महिन्यांत ती पाण्यात उतरवली आणि काही झालं, तर दमडी मिळायची नाही.

या तळ्याला थंडीतही वारा सौम्य असतो, पाणी गोठत नाही. दुसऱ्या कुणाला तिनं सरळ सांगितलं असतं, वर्षभराचं घ्या. पण डोळ्यांपुढे मोकळे शनिवार आले. सहा महिन्यांचे शनिवार, आणि घरात बिट्टी.

"थंडीत कोण मरायला जातं पाण्यावर?" ती दिराला म्हणाली. "उगाच कशाला जादा भरायचं?"

"वहिनी, तुम्ही म्हणून हो. दुसऱ्यानं कापलंच असतं मला!"

थंडी पडली, होडी पाण्याबाहेर निघाली. पहिल्याच शनिवारी तिनं बेत आखला. बिट्टीला बूट घ्यायचे, मग बाहेर जेवायचं, दोघीच. बिट्टी सकाळीच जुने कपडे घालून दारात उभी.

"आज नाही जमणार गं आई. होडी बाहेर काढलीय ना, आता तर खरं काम आहे. बूड घासायचं, भेगा बुजवायच्या, रंग द्यायचा. आणि होडी ठेवलीय ती शेड कॉलेजच्या वाटेवरच आहे, आता मी रोज जाणार!"

नवरा पेपराआडून खदखदून हसला. "बाहेर काढायचा सल्ला तुझाच ना?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आठवडाभर तिनं दम धरला. मग होडी बाहेर असल्याचे फोटो ऑफिसला लागतात, असं निमित्त काढून ती शेडवर गेली.

लाकडी टेकूंवर चढवलेल्या होडीखाली दोघी मांडी घालून बसल्या होत्या, खांद्याला खांदा लावून, पॉलिश पेपरनं बूड घासत. भुवयांवर पांढरी धूळ. बिट्टीच्या नाकावरचा रुमाल घसरला, तर जावेनं हातातलं काम न थांबवता मनगटानंच तो वर सरकवला. एवढंसंच, पण तिनं ते बघितलं.

"ताई, या या!" जाऊ उठली. "मी हिला कधीची म्हणतेय, आईला घेऊन ये. ही म्हणते, नको, आई पाणी बघितलं तरी पांढरी पडते."

"इथं कुठं पाणी आहे?" ती म्हणाली.

बिट्टीनं तिच्याकडे बघितलं आणि हसत सुटली. "खरंच की! मग चढ ना वर."

शिडीला धरून, देवाचं नाव घेत, ती होडीत चढली. बिट्टीनं तिला बसवलं आणि सुकाणू दाखवलं, शिडाच्या दोऱ्या दाखवल्या, कुठली कधी ओढायची ते सांगितलं. वर्षभरात बिट्टी तिच्याशी एवढं बोलली नव्हती. ऐकताना तिला भरून येत होतं. पण दर दोन वाक्यांनी पोरगी खाली वाकून विचारायची, "बरोबर ना, काकू?" आणि तिचं भरून आलेलं तिथल्या तिथं आटायचं.

"ताई," जावेनं खालूनच विचारलं, "ही पोरगी कंटाळलीय हो घासून. जादा हप्ता भरला तर आत्ताच नाही का उतरवता येणार?"

"आई, प्लीज! तू मनावर घेतलंस तर होईल ना?"

होत होतं. एका ईमेलचं काम होतं. तिला होडी पाण्यात दिसली, उन्हात, लांबवर, आणि तिच्यात दोन डोकी. तिसरं किनाऱ्यावर.

"नाही होत," ती म्हणाली. "नियम आहे."

"नक्की ना, ताई?" जाऊ तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"अगं, माझं रोजचं काम आहे ते."

मग ती शिडी उतरली, पदर खोचला, आणि एक पॉलिश पेपर उचलून दोघींच्या बरोबर मध्ये जाऊन बसली. "सरक गं जरा," ती जावेला म्हणाली.