एकाचे दोन होताना

बुधवार, ३१ डिसेंबर. धायरीत धुकं आणि गारठा. लॅबमध्ये पारा पंधरावर, टँकच्या पाण्यात अठ्ठावीसवर.

मी जाधव, शाळेत लॅब असिस्टंट. जूनपासून झेब्राफिशच्या टँकची नोंदवही माझ्याकडे आहे. तापमान, खाणं, अंडी असे रकाने आखले आणि कडेला बोटभर जागा उरली म्हणून तिथे ‘शेरा’ लिहिलं. आता तापमान कोणी विचारत नाही. स्टाफरूममध्ये चहा आला की म्हणतात, “जाधव, शेरा वाचा.”

तर ऐका.

मासे आणले परांजपे बाईंनी. बाई जीवशास्त्र शिकवतात, आज निवृत्त होतायत. एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर गोल काढला, मधोमध रेघ मारली आणि सांगितलं, “इथे एका पेशीच्या दोन होतात.” होताना मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. झेब्राफिशचं अंडं काचेसारखं आरपार असतं, साध्या मायक्रोस्कोपखाली सगळं दिसतं. जाण्याआधी एकदा नववीच्या मुलांबरोबर ते बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मुख्याध्यापकांनी ते बोटाच्या दीड पेराएवढे मासे चष्मा काढून बघितले. “बाई, एवढ्याशा माशांसाठी चार पानी अर्ज?” आणि सही केली.

*

हे मासे स्वतःचीच अंडी खातात. बाई म्हणाल्या, तळाला गोट्या घाला, अंडी फटीत पडून वाचतील. मी दुकानात निघालो, तेवढ्यात पीटीच्या सरांनी कपाट उघडलं. वर्गात जप्त केलेल्या गोट्या, दोन बरण्या भरून!

टँकमध्ये ओतल्यावर नववीतला एक जण काचेला नाक लावून उभा राहिला. “काका, ती हिरवी माझी आहे. पाचवीतली.”

सर मागेच होते. “दहावी पास झालास की घेऊन जा.”

*

नोव्हेंबरात एका गुरुवारी वीज गेली, हीटर बंद पडला. मुलांनी आपले शाळेचे स्वेटर काढून टँकला गुंडाळले. मुख्याध्यापक राउंडला आले, थांबले, बघितलं.

“मासे गणवेशात आहेत ना? मग बसू द्या वर्गात.”

*

अंडी मिळायची. अडचण वेळेची होती. अंडं पडल्यापासून पाऊण तासात पहिली रेघ उमटते. आम्ही आठला बघायचो, तोवर एकीच्या चौसष्ट पेशी झालेल्या. बाईंनी बिबवेवाडीहून पहिली बस पकडून सातला येऊन पाहिलं, तरी चार. मायक्रोस्कोपवरून मान उचलून म्हणाल्या, “जाधव, लग्न लागून गेलं. आपण नुसते जेवायला आलोय.”

*

डिसेंबर संपत आला तशी मी वही पहिल्यापासून चाळली. तीन दिवस असे सापडले, की सकाळी अंडी नव्हती, मधल्या सुट्टीत होती. हजेरीपट काढला. तेच तीन दिवस लता मावशी रजेवर. मावशी शाळा झाडतात.

मासे उजाडल्यावर अंडी घालतात. लॅबला प्रोजेक्टरसाठी काळे पडदे आहेत, त्यामुळे माशांचा दिवस उजाडायचा तो मावशींनी ट्यूब लावल्यावर. पावणेसहाला!

बाईंनी मावशींना सगळं समजावलं. मावशी मूळच्या धायरी गावच्या. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मंग काय अंधारात झाडू?”

शेवटी ठरलं, की लॅब सगळ्यांत शेवटी झाडायची आणि बाई आल्यावर लाइट मावशींनीच लावायची. सोमवारी माशांनी अंडीच घातली नाहीत. मंगळवारी एक पडदा उघडा राहिला आणि माशांचं आधीच उजाडलं. उरला आजचा दिवस.

*

आज सात चाळीसला मावशींनी ट्यूब लावली. आठ वाजून दोन मिनिटांनी गोट्यांत अंडी दिसली. एक अंडं डिशमध्ये घेतलं, डिश कोमट पाण्याच्या ट्रेवर ठेवली. बाईंनी डोळा लावला तो चाळीस मिनिटं उचलला नाही. मागे अख्खी नववी ब, रांगेत.

मुख्याध्यापक दारात आले. निरोप समारंभाची तयारी झाली होती. “बाई, शाल थांबलीय.”

“थांबू द्या. मी एकतीस वर्षं थांबलेय.”

ते आत आले आणि मुलांच्या रांगेत शेवटी उभे राहिले.

मावशी मघापासून झाडू धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “बाई, लाइट मी लावली. मला बी दावा की जरा.”

बाईंनी घड्याळ पाहिलं आणि उठल्या. “या. एक मिनिट बघा.”

मावशींनी पदर खोचला, वाकल्या. एक डोळा मिटून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई, मधी रेघ पडतीय.”

बाईंचा हात मायक्रोस्कोपकडे गेला, आणि वाटेतूनच परत आला. “डोळा काढू नका मावशी. पुरतं बघा.”

“दोन झाले.”

आजची नोंद:

८.४९. एकाचे दोन. पाहिलं: लता मावशी.

९.०५. दोनाचे चार. पाहिलं: परांजपे बाई.